सुरीच्या आधी सुई

श्रावणातल्या एका सोमवारी आंघोळ करताना डाव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला, काखेकडे, साबणाच्या हाताला काहीतरी लागले. सुपारीएवढे, गोल आणि दाबले की बोटाखालून किंचित सरकणारे. हात बदलून पुन्हा पाहिले, उजवीकडे तसे काही नाही याची खात्री केली आणि रात्री भिजवलेला साबुदाणा मोकळा झाला आहे की नाही हे पाहायला स्वयंपाकघरात गेले. पायाखालची जमीन तेव्हा सरकली नाही. ती रात्री सगळे झोपल्यावर सरकली.

मी ४७ वर्षांची आहे आणि साताऱ्यातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. पुढचे ११ दिवस मी कोणालाही काही सांगितले नाही. घटक चाचणीचे पेपर, मुलीची बारावी, सासूबाईंचे गुडघे अशी कारणे हाताशी होतीच. खरे कारण एवढेच, की माझी मावशी याच आजाराने गेली आणि माहेरी आजही त्या आजाराचे नाव कोणी घेत नाही, 'तिला ते झाले होते' असे म्हणतात. नवऱ्याला सांगितले तेही दिवा मालवल्यावर.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावातल्या, घराण्याच्या ओळखीच्या एका सर्जनकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटे हाताने तपासले आणि म्हणाले, "फार विचार करू नका. शनिवारी उपाशीपोटी या, काढून टाकू आणि गाठ तपासायला पाठवू. अर्ध्या तासाचे काम आहे." मला त्या वेळी किती हलके वाटले हे मान्य केले पाहिजे. नको असलेली वस्तू अंगातून निघून जाणार, तीही शनिवारी, म्हणजे रजासुद्धा एकच पडणार. नवऱ्याने तर उपचाराच्या पैशांची जुळवाजुळव सुरू केली.

माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना मी सहज म्हणून फोन केला नसता, तर ते शनिवारी झालेही असते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅमोग्राफी केली का?" नाही म्हटल्यावर त्या चक्क रागावल्या. त्यांचे म्हणणे असे होते, की चाळिशीनंतरच्या बाईच्या स्तनातल्या गाठीचा छडा तीन पायऱ्यांनी लावतात: हाताने तपासणी, मग मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचे क्ष-किरण चित्र, आणि सोनोग्राफी आणि त्यात काही संशयास्पद दिसले तर सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी. या तिन्हींची उत्तरे एकमेकांशी जुळली पाहिजेत. गाठ आधीच काढून टाकली आणि ती कर्करोगाची निघाली, तर कडेला रोग उरण्याची शक्यता राहते, नेमकी जागा पुढच्या सर्जनला नीट सापडत नाही, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते आणि ज्या रुग्णांना आधी औषध देऊन गाठ लहान करून घ्यायची असते त्यांची ती संधी जाते. साधी निघाली, तर उगाच एक व्रण. "आधी चित्र, मग सुई आणि सुरी सगळ्यांत शेवटी," असे त्यांनी मला फोनवर पाठ करून घेतल्यासारखे दोनदा सांगितले.

सुई टोचली की रोग पसरतो, हे सासूबाईंनी त्याच संध्याकाळी सांगितले. हा समज आपल्याकडे फार खोलवर आहे आणि तो केवळ न शिकलेल्यांत आहे असे नाही, आमच्या स्टाफरूममध्येही दोघींनी तेच सांगितले. बाईंनी त्यावर एवढेच म्हटले, की तुकडा तपासल्याने आजाराची गती वाढत नाही, तुकडा न तपासता घाईने कापल्याने मात्र नुकसान होऊ शकते.

पुण्याच्या रुग्णालयाची वेळ मिळाली ती पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली. त्या दिवसांत स्तन कमी दुखरे असतात, म्हणून शक्य असेल तर तसे करतात, मात्र त्यासाठी महिनाभर थांबायचे नसते. सकाळच्या विनाथांबा गाडीने स्वारगेटला पोहोचलो. काउंटरवरच्या मुलाने "काय त्रास?" असे विचारले आणि मागे सात-आठ पुरुषांची रांग असल्यामुळे मी खालच्या आवाजात "छातीत गाठ आहे" असे सांगितले. त्याने केसपेपर करून दिला, आम्ही बाणांच्या मागे चालत गेलो आणि पाऊण तास बाकावर बसल्यावर सिस्टरने मला ईसीजीसाठी आत बोलावले. छातीत दुखणारे सगळे रुग्ण त्याच बाकावर बसलेले होते. वर्गात 'त्रिकोणमिती' म्हणायला लाजणारी मुलेही मी बोलती केली आहेत, पण 'स्तन' हा शब्द मला चारचौघांत उच्चारता आला नाही आणि त्याची किंमत पाऊण तास झाली. नंतर मात्र मी तो प्रत्येक काउंटरवर स्पष्ट उच्चारला. कोणी वळूनसुद्धा पाहिले नाही.

तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी प्रश्न विचारले. पाळी कितव्या वर्षी आली, मुले किती, अंगावर किती दिवस पाजले, हार्मोनच्या गोळ्या कधी घेतल्या का, घरात कोणाला झाला होता आणि कितव्या वर्षी. मावशीचे वय मला सांगता आले नाही. आईला फोन करून विचारावे लागले आणि त्या निमित्ताने तिच्या तोंडून मी कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा 'कॅन्सर' हा शब्द ऐकला. मग बसवून, हात वर करायला लावून, आडवे निजवून, दोन्ही बाजू, दोन्ही काखा आणि गळ्याच्या हाडाच्या वरची जागा त्यांनी बोटांच्या पेरांनी तपासली. हे मला फार साधे वाटले आणि मी तसे बोलूनही दाखवले. तेव्हा त्यांनी टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईतल्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून २० वर्षे चालवलेल्या अभ्यासाची गोष्ट सांगितली. दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमधल्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आजार आधीच्या टप्प्यावर सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फरक दिसला नाही. "हात स्वस्त आहे, म्हणून हलका नाही," असे त्या म्हणाल्या आणि मला मॅमोग्राफीच्या खोलीकडे पाठवले.

त्या खोलीची थोडी पूर्वकल्पना असलेली बरी. जाताना पंजाबी ड्रेस किंवा साडी-ब्लाउज, म्हणजे वरचे कपडे वेगळे काढता येतील असे काहीतरी घालावे. अंगाला पावडर, काखेत डिओडरंट लावू नये, कारण त्यातले कण चित्रात पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटू शकतात आणि अशा ठिपक्यांचाच तर तिथे शोध असतो. मी सकाळी सवयीने पावडर लावली होती. तंत्रज्ञ मुलीने ओला कापूस हातात दिला आणि गळ्यातले काढायला सांगितले. लग्नानंतरच्या २२ वर्षांत मंगळसूत्र मी बाळंतपणात तेवढे काढले होते. ते रुमालात बांधून पर्समध्ये ठेवताना, सासूबाई सोबत आल्या नाहीत हे बरे झाले, असा विचार मनात येऊन मला हसू आले. त्या दिवसातले ते एकच हसू.

यंत्रासमोर उभे राहायचे असते. स्तन खालच्या पट्टीवर ठेवून वरून एक पारदर्शक पट्टी खाली आणतात आणि दाबतात. दुखते. दुखत नाही असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, पण ते काही सेकंदांचे दुखणे आहे आणि "श्वास रोखा" म्हटल्यापासून "सोडा" म्हणेपर्यंत संपते. एवढे का दाबता, असे मी विचारले. चपटे केले की आतले थर एकमेकांवर चढत नाहीत, हालचाल होऊन चित्र पुसट येत नाही आणि क्ष-किरणही कमी लागतात, असे तिने सांगितले. प्रत्येक बाजूची दोन चित्रे, एक वरून आणि एक तिरपे.

सोनोग्राफीच्या दारावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक होता. तो पाहून मला आपण चुकीच्या ठिकाणी आलो असे क्षणभर वाटले. आत गार जेल, अंधार आणि पडद्यावर एक काळीभोर गोल खाच. रेडिओलॉजिस्ट बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. कडा स्वच्छ, आत काहीही नाही आणि मागचा भाग उजळलेला, म्हणजे पाण्याची गाठ. दाबली की ठणकते असे मी सांगितल्यावर त्यांनी तिथेच सुई घालून पाणी ओढले. फिकट पिवळे, लिंबाच्या सरबतासारखे, सिरिंज अर्धीही भरली नाही. रक्ताचा अंश नसल्यामुळे ते तपासायला पाठवण्याची गरज नव्हती. मी हात लावून पाहिला तर सुपारी नाहीशी झाली होती. बाहेर येऊन नवऱ्याला सांगितले तेव्हा त्याने बाकावरच्या अनोळखी गृहस्थांना चहा पाजला.

परतताना गाडी खंबाटकीच्या घाटात असताना मोबाइलवर मॅमोग्राफीचा अहवाल आला. बरेच काही कळले नाही, पण शेवटच्या ओळीत 'बाय-रॅड्स ०' असे होते. मी गणिताची शिक्षिका. शून्य पाहून मला आनंद झाला आणि तो मी घरच्या ग्रुपवर कळवूनही टाकला. रात्री १० वाजता स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचा फोन आला आणि त्यांनी सांगितले, की बाय-रॅड्स ही स्तनाच्या चित्रांचा निष्कर्ष आकड्यांत लिहिण्याची पद्धत आहे आणि इथले शून्य म्हणजे 'काही नाही' असे नव्हे. शून्य म्हणजे चित्र अपुरे आहे, आणखी तपासणी केल्याशिवाय निष्कर्ष देता येत नाही. एक म्हणजे काही दोष नाही, दोन म्हणजे जे आहे ते साधे आहे, तीन म्हणजे बहुधा साधेच, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. चार आणि पाच म्हणजे तुकडा काढायचा. सहा हा आकडा कर्करोगाचे निदान आधीच झालेले असते तेव्हा लिहितात. माझ्या पाण्याच्या गाठीचा त्या शून्याशी संबंध नव्हता. डाव्याच स्तनात, पण गाठीपासून बरेच दूर, आतल्या बाजूला खोल, कॅल्शियमच्या बारीक कणांचा एक पुंजका दिसला होता. तो हाताला लागणारा नव्हता आणि सोनोग्राफीतही दिसला नव्हता.

म्हणजे शनिवारी गावात ती गाठ काढून टाकली असती तर एक निरुपद्रवी पाण्याची गाठ भूल देऊन काढली गेली असती, अहवाल चांगला आला असता, आम्ही पेढे वाटले असते आणि हा पुंजका कोणाच्या नजरेस पडला नसता. या विचाराने मला पुढे कितीतरी दिवस गाठीपेक्षा जास्त घाबरवले.

चार दिवसांनी पुन्हा पुणे. या वेळी त्या जागेची मोठी करून चित्रे घेतली आणि नवा अहवाल आला, '४ बी'. चारचे तीन भाग आहेत: ए म्हणजे कर्करोगाची शक्यता २ ते १० टक्के, बी म्हणजे १० ते ५० आणि सी म्हणजे ५० ते ९५. त्या रात्री आमच्या घरात एकाच वाक्याचे दोन अर्थ वावरत होते. नवरा मला सारखे 'दहा' सांगत होता आणि मला 'पन्नास' सोडून काही दिसत नव्हते. वर्गात मी संभाव्यता शिकवते, तेव्हा पिशवीतले लाल आणि निळे चेंडू असतात. चेंडू आपण स्वतः असलो की ते गणित उपयोगाचे नाही.

कण सोनोग्राफीत दिसत नसल्यामुळे तुकडा मॅमोग्राफीच्या यंत्रावरच काढावा लागणार होता. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे त्यांनी फोनवर आणि तिथे गेल्यावर, असे दोनदा विचारले. संमतीपत्रावर सही केली. मी पालथी निजले, स्तन टेबलाच्या खिडकीतून खाली आणि तिथे तो पुन्हा पट्ट्यांमध्ये धरलेला. दोन वेगवेगळ्या कोनांतून चित्रे घेऊन संगणक त्या पुंजक्याची खोली काढतो. हे मात्र शुद्ध भूमिती आहे आणि मी तंत्रज्ञाला कोन किती असे विचारले तेव्हा तो जरा चकित झाला. सरळ रेषेच्या दोन्ही बाजूंना १५ अंश. बधिर करण्याच्या इंजेक्शनची आग झाली, ती सोडल्यास दुखणे जवळपास नव्हतेच. छोटी चीर, मग जाड सुई आणि ती आतला तुकडा ओढून घेते तेव्हाचा घरघर असा आवाज. मान एका बाजूला वळवून अर्धा तास अजिबात न हलणे हे सुईपेक्षा जड गेले. सिस्टरचा हात माझ्या पाठीवर होता आणि ती तिच्या मुलाच्या स्कूलबसबद्दल बोलत राहिली, त्यात मुद्दाम काही होते की नाही ते कळले नाही, पण मला त्या बसचा संपूर्ण मार्ग आजही पाठ आहे.

बारा तुकडे निघाले, शेवयांच्या तुकड्यांसारखे. ते तिथल्या तिथे एका थाळीत ठेवून त्यांचाही क्ष-किरण काढला. पांढरे कण तुकड्यांत आले आहेत याची खात्री झाल्यावरच डॉक्टरांनी सुई बाहेर काढली. कण आलेच नसते तर अहवाल कितीही चांगला आला तरी त्याला अर्थ नव्हता. तुकडे काढल्यावर ती जागा पुन्हा सापडावी म्हणून आत तिळाएवढी टायटॅनियमची क्लिप सोडली. मग सिस्टरने दहा मिनिटे हाताने दाबून धरले, टाके न घालता पट्ट्या चिकटवल्या आणि बरणीवरचे नाव, वय व बाजू मला मोठ्याने वाचायला लावली. दोन दिवस वजन उचलू नका, घट्ट अंतर्वस्त्र घाला, दुखले तर पॅरासिटामॉल घ्या, अॅस्पिरिन नको. जांभळा-हिरवा डाग आठवडाभर राहिला. खर्चाचे सांगायचे तर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीच्या बिलाच्या कितीतरी पट एकट्या त्या सुईच्या प्रकाराचे झाले, म्हणून विमा असेल तर आधी विचारून घ्यावे. आमच्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल न होता केलेल्या तपासण्या बसत नव्हत्या, हे आम्हाला बिल भरल्यावर कळले.

अहवालाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. मी नववीच्या दोन तुकड्यांचे पेपर तपासले आणि नंतर त्यांतले बरेच पुन्हा तपासावे लागले.

अहवालाच्या दिवशी बाहेर बाकावर माझ्या शेजारी फलटणकडच्या एक आजी होत्या, नऊवारीतल्या, मुलासोबत आलेल्या. त्यांचे निदान आधीच झाले होते. "ताई, तुमचं काय निघालं?" त्यांनी विचारले. अजून कळायचे आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतःचे सांगितले. कर्करोग आहे, पण त्याच तुकड्यावर आणखी तीन तपासण्या करायला दिल्या आहेत, त्या आल्या की औषध आधी की ऑपरेशन आधी ते ठरेल. मुलाच्या हातातल्या कागदावर ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावे होती. पहिल्या दोन हार्मोनच्या, त्यावरून गोळ्यांचा उपयोग होईल का ते कळते, तिसरीवरून एका वेगळ्या औषधाचा. सगळा स्तन काढावाच लागेल असे नाही, हेही त्यांना डॉक्टरांनी सांगितले होते. "मी म्हटलं, काढायचा तर काढा, आता काय पाजायचंय कुणाला," असे म्हणून त्या हसल्या आणि मुलगा जमिनीकडे पाहत राहिला. तेवढ्यात माझे नाव पुकारले. त्यांनी माझा हात दाबला. मी आत गेले आणि बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता.

माझ्या अहवालात फायब्रोसिस्टिक, म्हणजे स्तनात होणारे साधे, निरुपद्रवी बदल, कॅल्शियमचे कण आणि त्यापुढे 'घातक पेशी आढळल्या नाहीत' असे होते. मी उठायला लागले तर डॉक्टरांनी बसवून ठेवले. रेडिओलॉजिस्टने चित्र आणि अहवाल शेजारी ठेवून दोन्ही जुळतात असा शेरा दिला आहे का, हे त्यांना पाहायचे होते. जुळले नसते तर अहवाल चांगला असूनही पुन्हा तुकडा, कदाचित शस्त्रक्रियाही करावी लागली असती. शेरा होता. शस्त्रक्रिया नको, सहा महिन्यांनी डाव्या बाजूची मॅमोग्राफी.

ती मार्चमध्ये झाली, दहावीच्या परीक्षा चालू असताना, एका दिवसाच्या रजेवर. मंगळसूत्र मी घरूनच काढून गेले होते. तंत्रज्ञ मुलगी तीच होती. तिने पडद्यावरच्या करड्या ढगात एका ठिकाणी बोट ठेवले. स्वल्पविरामाएवढी, ठसठशीत पांढरी अशी ती क्लिप तिथे होती आणि तिच्या आजूबाजूला नवे काही नव्हते. घरी आल्यावर सासूबाईंनी, त्या धातूचे पुढे काही होणार नाही ना, असे विचारले. होत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले आणि आपल्यालाही एकदा पुण्याला नेशील का, असे हळूच विचारले. त्यांना उजव्या बाजूला काहीतरी लागत होते, दिवाळीपासून.